आधी रंगाने दगा दिला, मग तेलाने : शेताच्या कडेला गेलेल्या काटेरी करडईची गोष्ट

केशराच्या नावाखाली स्वस्तात विकल्या जाणाऱ्या लाल-नारंगी काड्या तुम्ही कधी ना कधी पाहिल्या असतीलच. पर्यटनस्थळाच्या दुकानात, यात्रेतल्या पाटीवर किंवा फोनवरच्या एखाद्या जाहिरातीत. भाव ऐकून माणूस खूश होतो, घरी येऊन दुधात टाकतो, रंगही लगेच उतरतो. पण केशराचा तो वास काही येत नाही.

यातल्या बऱ्याच काड्या असतात करडईच्या पाकळ्या.

हो, तीच करडई. जिची कोवळी पालेभाजी हिवाळ्यात मंडईत येते. जिचं तेल एकेकाळी मराठवाड्यात आणि सोलापूर पट्ट्यात रोजच्या फोडणीला असायचं. आणि जिच्या शेतातून अनवाणी चालायची कुणाची हिंमत होत नाही.

या करडईची गंमत अशी की, माणसाने तिला हजारो वर्षं जपलं ते दोन गोष्टींसाठी. आधी रंगासाठी आणि मग तेलासाठी. दोन्ही वेळा तिच्यापेक्षा स्वस्त काहीतरी बाजारात आलं आणि तिला बाजूला सरकावं लागलं. कमी पाण्यात येणारं हे तेलबियांचं पीक महाराष्ट्राच्या हक्काचं होतं. आज ते शोधावं लागतं.

असं का झालं, आणि त्याचा आपल्या ताटाशी काय संबंध आहे, ते समजून घ्यायचं तर सुरुवात करडईच्या खानदानापासून करावी लागेल.

सूर्यफुलाची नातेवाईक, पण काटेरी घराण्यातली

शास्त्रज्ञ ज्या गटात करडईला बसवतात त्या प्रजातीचं नाव आहे 'कार्थॅमस'. हे नाव अरबी भाषेतल्या 'कुर्तुम' या शब्दावरून आलंय. १७५३ साली कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने करडईला 'कार्थॅमस टिंक्टोरियस' असं नाव दिलं. यातल्या टिंक्टोरियसचा अर्थ 'रंगाऱ्यांच्या कामाची'. म्हणजे तेव्हा युरोपात करडईची ओळख तेलाची नव्हती, रंगाची होती.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि डेझी ज्या कुळात येतात त्याच कुळात करडई येते. या कुळाची खासियत म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. करडईच्या बोंडातून बाहेर डोकावणारी प्रत्येक नारंगी 'पाकळी' हे स्वतंत्र, नळीसारखं फूल असतं. त्याला टोकाशी पाच बारीक पाती असतात. हा तपशील लक्षात ठेवा, केशर ओळखताना कामाला येईल.

सूर्यफूल आणि करडई एकाच कुळातल्या असल्या तरी त्यांची घराणी वेगळी. करडई ज्या शाखेतली आहे ती काटेरी झुडपांची शाखा. पानांच्या कडेला काटे, बोंडाभोवतीच्या हिरव्या पानांना काटे. महागड्या हॉटेलात मिळणारी 'आर्टिचोक' नावाची भाजीसुद्धा याच शाखेतली.

कार्थॅमसच्या बहुतेक जाती भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या, उन्हाळी मुलखात रानोमाळ उगवतात. तिथे पाणी कमी आणि चरणारी जनावरं भरपूर. जगायचं तर दोनच गोष्टी हव्यात. पाण्यापर्यंत पोहोचणारं खोल मूळ आणि तोंड लावणाऱ्याला अद्दल घडवणारे काटे. कार्थॅमसकडे दोन्ही आहेत.

या सगळ्या जातींपैकी माणसाने शेतात आणली ती एकच, आपली करडई. बाकीच्या बहिणी रानटीच राहिल्या. त्यातली एक उत्तर भारतात आणि पाकिस्तानात पिकांमध्ये तण म्हणून वाढते. दुसरी ऑस्ट्रेलियात जाऊन पोहोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप झाली. तिचे काटे मेंढ्यांच्या तोंडाला जखमा करतात, लोकरीत अडकतात. त्यामुळे तिथे ती उपद्रवी तणांमध्ये मोडते.

म्हणजे एकाच घरातली एक पोरगी पीक झाली आणि दुसरी तण.

पहिला डाव : रंगाचा

करडईची लागवड पश्चिम आशियात सुरू झाली असं मानलं जातं. प्राचीन इजिप्तमधल्या बाराव्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या कापडांवर करडईचा रंग सापडलाय. तुतनखामेन या राजाच्या थडग्यातही करडईच्या फुलांच्या माळा मिळाल्या.

भारतात संस्कृतमध्ये तिला 'कुसुंभ' म्हणतात. मराठीतला 'कुसुंबी' रंग तिथूनच आला. राजस्थानातला 'कसूमल' आणि गुजरातीतला 'कसुंबी' हे शब्दही याच फुलाचे. झवेरचंद मेघाणींचं 'कसुंबीनो रंग' हे गीत गुजरातेत घराघरात माहीत आहे. त्या नावामागेसुद्धा करडईच आहे.

हा रंग काढायची पद्धत भारी होती. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात, पिवळा आणि लाल. पिवळा रंग पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे पाकळ्या पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन आधी तो काढून टाकायचा. लाल रंग साध्या पाण्याला दाद देत नाही. तो राखेच्या किंवा खारीच्या पाण्यात उतरतो. मग त्यात लिंबासारखं काहीतरी आंबट घातलं की तोच लाल रंग कापडावर बसतो.

या लाल द्रव्याचं नाव 'कार्थॅमिन'. पिवळ्या रंगाच्या मानाने ते फारच थोडं निघतं. म्हणून करडईच्या लाल रंगाला किंमत होती.

जपानमध्ये तर या रंगाने मोठा व्यापार उभा केला. तिथल्या यामागाता भागात करडई पिकायची, मोगामी नदीतून बोटीने सकाता बंदरात जायची आणि पुढे क्योतोपर्यंत पोहोचायची. तिथे तिच्यापासून रेशमाचा रंग आणि ओठांना लावायची 'बेनी' नावाची लाली तयार व्हायची. या लालीचा दाट थर वाळला की त्याच्यावर हिरवट चमक येते. करडई आजही यामागाता प्रांताचं अधिकृत फूल आहे. ॲनिमे पाहणाऱ्यांनी १९९१ सालचा 'ओन्ली येस्टर्डे' हा स्टुडिओ जिबलीचा सिनेमा आठवावा. त्यातली शहरी नायिका सुट्टी काढून गावी जाते ती करडईची फुलं खुडायलाच.

भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या मालातही करडईचा रंग होता. ढाक्याकडच्या करडईचं त्यात नाव होतं.

मग आलं १८५६. विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या इंग्रज पोराने लंडनमध्ये प्रयोग करता करता डांबरातल्या रसायनापासून जांभळा रंग तयार केला. त्याच्या मागोमाग कारखान्यांतून लाल, गुलाबी, नारंगी असे सगळेच रंग निघायला लागले. ते स्वस्त होते आणि लावायला सोपे होते. करडईचा रंग उन्हात फिका पडायचा ही तिची दुखरी बाजू होतीच. पुढच्या काही दशकांत रंगाच्या बाजारातून करडई जवळपास बाहेर फेकली गेली.

पहिला डाव तिथे संपला.

दुसरा डाव : तेलाचा

रंगाचा धंदा बसला तरी करडई शेतातून गेली नाही. कारण तिच्या बियांत तेल होतं. आणि दख्खनच्या पठारावर तिला आणखी एक काम होतं.

सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, परभणी, अहिल्यानगर हा पट्टा डोळ्यासमोर आणा. काळी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. इथे रब्बीचं पीक परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान पेरलेली करडई सुरुवातीचे काही आठवडे जमिनीलगत पसरून बसते. वर काही वाढ दिसत नाही, पण खाली तिचं सोटमूळ खोल खोल जात असतं. ते दोन मीटरच्याही खाली जाऊ शकतं. वरची जमीन भेगाळून सुकली तरी करडई तळाची ओल ओढून घेते. साधारण चार-साडेचार महिन्यांत पीक तयार होतं.

जुने शेतकरी ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या शेताच्या कडेने करडईच्या चार-दोन ओळी टाकायचे. काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. कुंपण पण झालं आणि वर्षाचं तेल पण निघालं. त्याआधी विरळणी करताना उपटलेल्या कोवळ्या रोपांची मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी व्हायची, नाहीतर शेंगदाण्याचं कूट घालून कच्चा घोळाणा व्हायचा. काटे यायच्या आत खाल्लं तरच बरं.

म्हणजे कुंपण, भाजी आणि तेल अशा तीन कामांसाठी एकच पीक. तेही जवळपास पाण्याशिवाय.

विसाव्या शतकात करडईच्या तेलाला शहरातूनही मागणी आली. त्याचं कारण होतं हृदयरोग. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण ७० ते ७५ टक्के असतं. हे आम्ल रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करतं असं दिसल्यावर करडईचं तेल 'हृदयाचं तेल' म्हणून विकलं जाऊ लागलं. 'सफोला' हे आपल्याकडचं ओळखीचं नाव आठवा. करडईला इंग्रजीत 'सॅफ्लॉवर' म्हणतात, आणि या ब्रँडची सुरुवातीची ओळख करडईच्या तेलाचीच होती. आज त्या नावाने मिळणाऱ्या तेलांत राईस ब्रॅन आणि सूर्यफुलासारख्या तेलांचं मिश्रण असतं. हे लपवलेलं नाही, पाकिटावर छापलेलंच असतं. पण जो ब्रँड करडईमुळे घराघरात पोहोचला त्याच्याच पाकिटावर आज वेगळ्या तेलांची नावं दिसतात, यावरून बाजार किती बदलला ते कळतं.

मग करडई गेली कुठे?

१९८०च्या दशकात देशात काही लाख हेक्टरवर करडई होती आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटक आघाडीवर होते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा देशभरात मिळून एक लाख हेक्टरच्या आत आलाय. जगात करडई पिकवण्यात भारताचा पहिला नंबर असायचा, ती जागा आता कझाकस्तानने घेतलीय.

याचं कारण एकच एक सांगता येत नाही. चार गोष्टी जुळून आल्या.

पहिली गोष्ट, काटे. जे काटे जनावरांना अडवतात तेच मजुरांनाही अडवतात. करडई वाळली की काटे सुयांसारखे कडक होतात. म्हणून कापणी पहाटे करायची, दवामुळे काटे जरा मऊ असतात तेव्हा. हाताला कापड गुंडाळायचं, पायाला काहीतरी बांधायचं आणि ऊन चढायच्या आत काम उरकायचं. गावात मजूर मुबलक होते तोवर हे चालून गेलं. मजुरी वाढली आणि माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा पहिल्यांदा नकार मिळाला तो करडईच्या कापणीला.

दुसरी गोष्ट, सोयाबीन आणि हरभरा. पूर्वी अनेक शेतांत खरीप मोकळा ठेवून थेट रब्बीत ज्वारी-करडई घ्यायचे. सोयाबीन आल्यावर खरिपात नगदी पीक मिळालं. त्याच्या मागोमाग हरभरा बसला. हरभऱ्याला ओळखीची बाजारपेठ आहे, काढायला सोपा आहे आणि काटे नाहीत. जिथे पाणी आलं तिथे ऊस आला. करडईच्या वाट्याला उरली ती सगळ्यात हलकी जमीन आणि शेताची कडा.

तिसरी गोष्ट, उत्पादन आणि रोग. करडईवर मावा पडतो. वेळेत पेरणी झाली नाही तर तो पीक खाऊन टाकतो. मर रोग आणि पानांवरचे ठिपके वेगळेच. त्यात देशाची सरासरी हेक्टरी एक टनाच्या आतच राहिली. बियांवर जाड टरफल असल्यामुळे जुन्या वाणांत तेल साधारण २८ ते ३० टक्के निघायचं. त्यामुळे एकरी हाती येणारं तेल आणि पैसा दोन्ही कमी.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आयातीचं तेल. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं होतं आणि पुढच्या काही वर्षांत देश खाद्यतेलात बऱ्यापैकी स्वयंपूर्ण झाला होता. पण १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला त्यावर ६५ टक्के आयात शुल्क होतं, ते १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. इंडोनेशिया आणि मलेशियातलं पाम हे बारमाही झाड आहे. एका हेक्टरमधून ते जितकं तेल देतं त्याच्या जवळपासही करडई जाऊ शकत नाही. भावात टिकणं अशक्यच होतं.

आज भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. वर्षाला साधारण दीडशे लाख टनांच्या पुढे. इंडोनेशियाने निर्यात थांबवली किंवा युक्रेनमध्ये युद्ध पेटलं की आपल्याकडे फोडणी महागते. २०२२ साली हे दोन्ही झालं आणि सगळ्यांनी ते अनुभवलं.

दुसरा डाव करडई हरली ती इथे.

काटे काढले तर?

करडईचा प्रश्न काट्यांचा आहे तर काटेच काढून टाकू, असा विचार कुणी केला नाही का? केला. आणि तो महाराष्ट्रातच झाला.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. या संस्थेने करडईवर अनेक वर्षं काम केलं आणि 'नारी-६' हा बिनकाटेरी वाण दिला. त्यापाठोपाठ 'नारी-एनएच-१' हा बिनकाटेरी संकरित वाणही आणला. बिनकाटेरी करडईच्या पाकळ्या हाताने खुडता येतात. त्यामुळे बियांबरोबर पाकळ्याही विकता येतात. परागीभवन झाल्यावर पाकळ्या खुडल्या तर बियांच्या उत्पादनाला धक्का लागत नाही.

सोलापूरच्या संशोधन केंद्रातून 'भीमा' हा गाजलेला वाण आला, परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' दिला. नव्या काही वाणांत तेलाचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास गेलंय. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेतही यावर काम चालतं.

मग शेतकऱ्यांनी सगळीकडे बिनकाटेरी करडई का लावली नाही? कारण काटे गेले की राखणही गेली. मोकाट जनावरं, हरणं, रानडुकरं यांचा त्रास जिथे आहे तिथे काटेरी करडई हे त्यातल्या त्यात सुरक्षित पीक. काटा काढला तर कुंपण घाला, कुंपण घातलं तर खर्च वाढला.

या पेचावर वाट काढली ती यंत्राने. गहू आणि सोयाबीन काढणारं हार्वेस्टर करडईतही चालतं. काटेरी पीक उभंच्या उभं कापून मळून मिळतं आणि माणसाच्या हाताला ओरखडा उमटत नाही. हार्वेस्टर जिथे भाड्याने सहज मिळतं तिथे काट्यांचं भय बरंच कमी झालंय. अडचण आहे ती छोट्या तुकड्यांची. अर्ध्या एकरासाठी हार्वेस्टर कोण आणणार?

तेल खरंच हृदयासाठी चांगलं आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण फोनवर येणारे निम्मे मेसेज याच विषयावर असतात. 'करडई तेलात कोलेस्टेरॉल शून्य' असं लिहिलेलं दिसतं. ते खरं आहे, पण त्यात विशेष काही नाही. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. त्यामुळे शेंगदाणा, तीळ, पाम या कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंच असतं.

खरा मुद्दा वेगळा आहे. करडईच्या लिनोलेइक आम्लामुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण कोलेस्टेरॉल कमी झालं म्हणजे माणूस जास्त जगला, असं दरवेळी होतंच असं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला लोणी आणि चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्यापासून बनवलेलं मार्गरिन दिलं गेलं. पुढे कित्येक वर्षांनी जुनी माहिती बाहेर काढून पुन्हा तपासली गेली आणि २०१३ साली ती 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. करडई तेलाच्या गटात १७.६ टक्के लोक दगावले होते, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

म्हणजे करडईचं तेल घातक आहे का? असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. अभ्यास छोटा होता, सगळे आधीच आजारी होते, सगळे पुरुष होते आणि मार्गरिनमुळे निकाल बिघडला असावा असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. इतर मोठ्या अभ्यासांतून लिनोलेइक आम्लाच्या बाजूनेही निकाल आलेत. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की कुठलंही एक तेल औषध नसतं. एकाच तेलावर भर देण्यापेक्षा तेल बदलत राहावं आणि एकूण कमी वापरावं.

करडईचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात लिनोलेइकऐवजी ओलेइक आम्ल जास्त असतं, जे ऑलिव्ह तेलात असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल्डन नोल्स यांनी १९६०च्या दशकात असा वाण शेतकऱ्यांपर्यंत नेला. हे तेल तापवल्यावर लवकर खराब होत नाही. ज्या तेलांत ओलेइक आम्ल ७० टक्के किंवा त्याहून जास्त आहे ती हृदयासाठी उपयुक्त असू शकतात, असं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली परवानगी दिली. पण त्यासोबत 'पुरावा निर्णायक नाही' हेही सांगायला लावलं.

आपल्याकडे घाण्यावर मिळणारं करडई तेल सहसा पहिल्या प्रकारचं असतं. ते भाजी-आमटीच्या फोडणीला ठीक, पण त्यात तळण करून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरणं टाळावं.

फसायचं नसेल तर

केशर घेताना : केशराची खरी काडी एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत गेलेली असते. करडईची काडी म्हणजे अख्खं छोटं फूल. पाण्यात भिजवून भिंगाखाली धरली तर नळी आणि टोकाची पाच पाती दिसतात. केशर पाण्यात रंग सावकाश सोडतं आणि त्याचा वास लपत नाही. करडईला तो वास नसतो.

करडईच्या पाकळ्या काही विषारी नाहीत. करडई म्हणूनच घेतल्या तर भाताला रंग द्यायला त्या वापरता येतात, त्यांचा चहाही करतात. चीनच्या पारंपरिक वैद्यकात त्यांना 'होंग ह्वा' म्हणतात आणि रक्ताभिसरणासाठी देतात. म्हणूनच गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

तेल घेताना : एक साधं गणित करा. २०२६-२७च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव आहे क्विंटलला ६,५४० रुपये. त्याआधीच्या हंगामात तो ५,९४० होता. क्विंटलभर करडईतून अगदी ३० किलो तेल निघालं असं धरलं, तरी एक किलो तेलामागे नुसत्या बियांचा खर्च होतो २१८ रुपये. पेंडीचे काही पैसे परत येतात, पण त्यावर वाहतूक, घाण्याची मजुरी, वीज आणि बाटलीचा खर्च चढतो. बाजारात बी हमीभावापेक्षा खाली विकलं जातं तेव्हा हा आकडा कमी होतो, तरी कुणी 'शुद्ध घाण्याची करडई' पामतेलाच्या भावात देत असेल तर विचारायला हवं, नेमकं काय गाळलंय?

आता पुढे काय?

बाहेरचे देश करडईकडे वेगळ्याच नजरेने बघतायत. ऑस्ट्रेलियात २०१८ साली जनुकीय बदल केलेल्या करडईच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी मिळाली. तिच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त ओलेइक आम्ल असतं आणि ते खाण्यापेक्षा वंगण आणि कारखान्यातल्या वापरासाठी आहे. चित्रकारांच्या पांढऱ्या ऑइल पेंटमध्येही करडईचं तेल वापरतात, कारण ते जवसाच्या तेलासारखं पिवळं पडत नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेल आणि तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. ते २०३०-३१ पर्यंत चालणार आहे. दुसरीकडे मे २०२५ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. ग्राहकासाठी तेल स्वस्त ठेवायचं आणि शेतकऱ्याला तेलबिया लावायला सांगायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात. करडई गेली तीस वर्षं याच ओढाताणीत अडकलीय.

हमीभाव वाढला ही चांगली गोष्ट, पण हमीभावाने खरेदी करणारं केंद्र गावाजवळ असेल तरच त्याला अर्थ आहे. ज्या पिकाचं क्षेत्रच कमी, त्याच्या खरेदीची व्यवस्था उभी राहत नाही. आणि व्यवस्था नाही म्हणून क्षेत्र वाढत नाही. हे चक्र काही ठिकाणी गावातल्या लाकडी घाण्यांनी थोडंफार तोडलंय. घाणेवाला थेट शेतकऱ्याकडून बी घेतो, शहरातलं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं आणि मधली साखळी कमी होते. पण यात भेसळ शिरली की आधी विश्वास जातो आणि मग हे गिऱ्हाईकही जातं.

पाऊस लहरी झालाय आणि विहिरी डिसेंबरातच तळ गाठतायत, अशा भागात एखाद-दुसऱ्या पाण्यावर किंवा पाण्याशिवाय येणारं तेलबियांचं पीक सहज मिळत नाही. करडईचं बियाणं, वाण आणि ती कशी पेरायची याची माहिती असलेली माणसं अजून आहेत. पण बियाणं दरवर्षी पेरलं तरच टिकतं.

त्यामुळे यंदा हिवाळ्यात मंडईत करडईच्या भाजीची जुडी दिसली तर घेऊन बघा आणि विकणाऱ्या मावशींना विचारा, करडई कुठल्या गावची. त्याच शेताच्या कडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये नारंगी फुलं वाळून बोंडं भरलेली असतील. ती कापायला कुणी तयार आहे का, आणि त्या बियांना भाव मिळतोय का, यावर पुढच्या वर्षी ती जुडी मंडईत येणार की नाही हे ठरेल.